अकराव्या भागातली घड्याळं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, वहिनी. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा या घरात त्या मालिकेचं नाव काढायचीही चोरी होती. आणि आता बघा, डीव्हीडीचा संच दिवाणखान्यात मांडून ठेवलाय, तोही आत्याच्या नावासकट! चहा घ्या, गार होतोय.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. जुन्या मालिकांच्या टेप साफ करायच्या, चालवायच्या आणि डीव्हीडीसाठी त्यांची नवी प्रत काढायची. तळघरातली खोली, खिडकी नाही, बारा महिने स्पिरिटचा वास. त्या बुधवारी मी गोदामात गेले होते ती कुठल्याशा बातमीपत्राची टेप आणायला.

‘बंद घड्याळांचं दुकान’ या त्या मालिकेचे अकरा भाग होते. दहा हाताशी होते, शेवटचा नव्हता. साहेबांनी बजावलं होतं, “लंगडा संच मी बाजारात आणणार नाही. शुक्रवारी पाचपर्यंत अकरावा भाग द्या, नाहीतर मालिका यादीतून बाद.” माझा जीव तिथेच अडकला होता, कारण तो भाग हरवल्याचा ठपका चौतीस वर्षं आत्यावर होता.

आत्या त्या मालिकेची कंटिन्युइटी बघायची. म्हणजे एका दृश्यात जे जसं होतं, ते पुढच्या दृश्यातही तसंच हवं. दुकानातली चाळीस घड्याळं कायम चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेली. चाव्यांचा जुडगा आत्याच्या पर्समध्ये. दुकानदाराचं काम करणारे अण्णा रोज तिच्या मागे लागायचे, “बाई, एकदा तरी चालू करू द्या की!” आत्या कसली ऐकतेय! “माझी कंटिन्युइटी बिघडेल,” म्हणून उडवून लावायची.

शेवटचा भाग चित्रित झाला आणि आठवड्याभरात अण्णा गेले. भाग दाखवायच्या आधीच टेप गायब. तेव्हा जुन्या टेप पुसून पुन्हा वापरायचे ना; सगळे म्हणाले, बाईंनीच ती पुसायच्या ढिगात टाकली. आत्याने नोकरी सोडली. पर्समध्ये तो जुडगा तेवढा राहून गेला, तो तिने कधी बाहेर काढला नाही.

तर त्या बुधवारी, बातमीपत्रांच्या मागे, भिंतीला चिकटलेला एक डबा. त्यावर आत्याचं टपोरं अक्षर: भाग अकरा. कायम जपणे. पुसू नये. वहिनी, मी तिथेच उडी मारली! धावत खाली आले, टेप लावली... आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.

“डब्यावर काय, काहीही लिहिता येतं,” साहेब म्हणाले. “पुसलेलीच आहे की ही.”

माझं डोकंच फिरलं. जुनी टेप ओल धरते, तेव्हाही पडद्यावर मुंग्याच दिसतात; मग ती मंद आचेच्या भट्टीत आठ तास भाजावी लागते. त्यानंतर एकदा नीट चालते, पुढचा भरवसा नाही. शुक्रवारी पहाटे टेप भट्टीत घातली आणि दुपारी आत्याला गाडीत घालून घेऊन आले. पुसलेली तर पुसलेली, पण तिच्या डोळ्यांसमोर कळू दे.

मुंग्या. मिनिटभर नुसत्या मुंग्या. मग खोलीत लवंगेचा वास आला. आत्या ताठ बसली.

“अण्णा लवंग चघळायचे,” ती हळूच म्हणाली. “शॉटच्या आधी...”

आणि आवाज सुरू झाला. टिक, टिक, टिक. एका घड्याळाचा नाही, चाळीस घड्याळांचा.

“हा आवाज नव्हता गं... चाव्या माझ्याकडे होत्या.”

चित्र आलं. स्वच्छ, लख्ख. दुकान, अण्णा, त्यांच्या हातात तो जुडगा. एकेका घड्याळाला चावी देत फिरत होते. सगळ्या तबकड्यांवर तीन वाजून बावीस मिनिटं. मी मनगटाकडे पाहिलं. तीन बावीस.

आत्याने पर्स उघडली. आत चष्मा होता, रुमाल होता, गोळ्या होत्या. जुडगा नव्हता. प्रत काढणारं मशीन मात्र मी बंद केलं नाही, सांगून ठेवते!

भाग पूर्ण झाला. शेवटी अण्णांनी सरळ आमच्याकडे बघितलं. “बाई... बिघडलं का काही?”

“नाही अण्णा,” आत्या म्हणाली. रडत होती आणि हसत होती. “सगळं जुळलं.”

साहेबांना खाली बोलावलं तर ते उभ्याउभ्या बघतच राहिले. आत्याचे दोन्ही हात धरून त्यांनी माफी मागितली, साऱ्या स्टाफसमोर! संच आला आणि पहिल्याच आठवड्यात संपला. श्रेयनामावलीत आत्याचं नाव अण्णांच्या खालोखाल आहे. जिंकली हो म्हातारी!

हां, प्रेक्षकांची पत्रं येतात. एक लिहितो, घड्याळात साडेसात वाजलेत, दुसरा म्हणतो बारा. जो ज्या वेळी बघेल, तीच वेळ. साहेब म्हणतात, छपाईतली गंमत. मी पत्रं फायलीत लावून टाकते.

थांबा, आत्याचाच फोन... हं, बोल आत्या. काय गं, इतकी खूश?

...

वहिनी, कप ठेवा खाली. ती म्हणतेय, तिच्या घरी अकरावा भाग लावलाय, आणि आज अण्णांनी ऐकलं तिचं. सगळी घड्याळं बरोब्बर चार-दहाला थांबलीत. आणि म्हणाले, “बाई, चाव्या घ्यायला या.” ती नवी साडी नेसून तयार बसलीय.

आपल्या घड्याळात चारला पाच कमी आहेत, चार-दहाच्या आत तिच्याकडे पोचायला हवं. उठा, गाडी काढा.