बगळ्यांचे पाय

“ते बगळे मी काढलेले नाहीत,” चित्रकार बाई दारातूनच म्हणाली. “आणखी किती जणांना सांगू? घसा बसला माझा.”

घसा खरंच बसला होता. वहिनींनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि भावोजींकडे वही सरकवली.

भावोजींनी सुस्कारा सोडला. वहिनींनी विमा कंपनीत सत्तावीस वर्षं लोकांचे खोटे दावे पकडले होते. निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना, म्हणून पुढच्या खोलीत टेबल टाकून लोकांची कोडी सोडवू लागल्या. शेजारी राहणाऱ्या दिराला कुणी विचारलंच नव्हतं, पण वही मात्र दर वेळी त्याच्याच हातात यायची.

बाईची तक्रार सरळ होती. नदीकाठच्या पायवाटेची लांबच लांब भिंत रंगवायचं काम देखभाल समितीने तिला दिलं होतं. त्यासाठी तिने दुकानातली नोकरी सोडली. पहिली सात चित्रं झाली आणि गेल्या आठ दिवसांत भिंतीवर नऊ पांढरे बगळे उगवले. काही कोऱ्या जागेवर, काही थेट तिच्या चित्रांवर.

“समिती म्हणते, मंजूर नसलेली चित्रं मीच घुसडतेय. कारण रंग माझा आहे. पांढऱ्यात मी चमचाभर निळा घालते, तो लपत नाही.”

“डबे कुठे असतात?”

“एक वाटेवरच्या शेडमध्ये, एक घरी. उद्या पाचला सेक्रेटरी येऊन काम काढून घेणार आहेत. ताई, मला नोकरीही परत मिळायची नाही.”

“बगळे चांगले आहेत का?” वहिनींनी विचारलं.

बाई नाइलाजाने हसली. “बेकार आहेत. तरी लोक थांबून बघतात. मी नेहमी म्हणते, नुसत्या रेघेकडे कोण बघतं? चित्र असलं की माणूस थांबतो.”

---

दुपारचं ऊन आणि नवे बूट, दोन्ही भावोजींना चावत होते. वहिनींचा हुकूम होता: प्रत्येक बगळ्याचे पाय जमिनीपासून किती उंच, ते टेपने मोजा.

पुलाजवळचा पहिला बगळा एक फूट दहा इंच. पुढचा दोन फूट सहा. तिसरा पुन्हा फूटभरच. वाट कुठे चढायची, कुठे उतरायची आणि आकडे वाटेल तसे नाचायचे. पाचव्या बगळ्यापाशी भावोजींनी टेप आपटली.

“याला ना शेंडा ना बुडखा! मोजून काय उपयोग? ही वाटच धड नाही.”

“नाचता येईना अंगण वाकडं,” वहिनी म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

भावोजी चरफडत मागे निघाले आणि त्यांची बाही टरकन फाटली. भिंतीत बारीक खिळा होता. प्रत्येक बगळ्याच्या पायाशी असा एकेक खिळा त्यांनी पाहिला होता, पण इथे तर बगळाच नव्हता. दर पंधरावीस पावलांवर नुसतेच खिळे. नवा सदरा गेला, याची नोंद मात्र वहीत कोण करणार?

शेडची किल्ली वॉचमनकडे होती. तो अंग चोरून बोलत होता. “साहेब मलाच झापतात. मी सातला येतो, तेव्हा बगळा आधीच बसलेला असतो! तेवढ्यात कुणी दिसलंच तर तो माळी. कानटोपीवाला. पाइपाची गुंडाळी खांद्यावर घेऊन परत जात असतो. झाडांना पाणी घालत असेल.”

शेडमध्ये रंगाचा डबा होता. वहिनींनी तो उघडायला सांगितला. भावोजींनी झाकण ओढलं, पिळलं, नाण्याने उचकटलं. कडेला रंग वाळून पक्का बसला होता. नख तुटलं, झाकण हललं नाही.

“राहू द्या,” वहिनी म्हणाल्या. “मला हवं ते कळलं.”

“मला नाही कळलं!” भावोजी म्हणाले आणि हात धुवायला बाहेरच्या नळाशी गेले. नळ कोरडा.

“महिना झाला, बंदच आहे,” वॉचमन म्हणाला. “वाटेवरचे सगळेच. तक्रार केलीय.”

या पायवाटेवर एक गोष्ट धड असेल तर शपथ, असं भावोजींना वाटलं.

दुसरा संशयित कमानीखाली भेटला. दिवसा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सुट्टीत भिंतींवर स्प्रेने माणूसभर उंचीची अक्षरं काढायचा. सगळे त्याला फवारेवाला म्हणत. चित्रकार बाईच्या कामावर तो जळतो, असं समितीचं म्हणणं होतं.

“जळतो तर जळतो,” तो म्हणाला. “पण मी काढलं असतं तर ते बदकासारखं दिसलं असतं का? त्या माणसाला चित्र येत नाही, काका. हात मात्र पक्का आहे. बघा, ब्रश एकाच दमात डावीकडून उजवीकडे, दाबून. रंग लावल्यासारखा नाही, थापून सारखा केल्यासारखा.”

तिसरे सेक्रेटरी. ते वाटेच्या शेवटी नव्या पाळणाघराच्या खोलीत पडदे मोजून घेत होते. पुढच्या सोमवारी उद्घाटन होतं. बुटक्या खुर्च्या, रंगीत चटया, भिंतीवर मुलांच्या दप्तरांसाठी त्यांच्याच उंचीला लावलेल्या हुकांची रांग.

“आम्ही काय केलं नाही या वाटेसाठी?” ते कडाडले. “आधी काय अवकळा होती! शेवाळलेले दगड, त्यांवर कुणी कुणी तारखा खोदलेल्या, रेघा मारलेल्या. सगळ्यावर गिलावा करून भिंत आरशासारखी केली. आणि आता हे बगळे! नाही, उद्या पाच म्हणजे पाच.”

बाहेर आल्यावर भावोजींना वाटलं, चला, सुटलो. वहिनी पुलावर चढल्या.

“आता कुठे?”

“पलीकडच्या काठावर.”

“तिकडे एकही बगळा नाही!”

“म्हणूनच.”

पलीकडे पोचेपर्यंत भावोजींच्या टाचेला फोड आला होता. ते बाकावर मटकन बसले. समोर नदी आणि नदीपलीकडे ती भिंत. तिच्या पायथ्याशी वाट वर-खाली होत गेली होती. नऊ बगळे मात्र ओळीत नीट उभे होते. या अख्ख्या प्रकरणात तेवढंच काय ते सरळ होतं.

“काय दिसतं?” वहिनींनी विचारलं.

“बगळे.”

“आणखी?”

“आणखी काही दिसायला आधी पोटात काहीतरी जावं लागतं.”

वहिनी नदीकडे बघत राहिल्या. मग एकदम उठल्या. “चला, बाईच्या घरी. तिथे चहा मिळेल.”

---

चहा मिळाला. बाईचे वडील खिडकीपाशी खुर्चीत होते. गुडघ्यांवर शाल, हातांची बोटं जाड आणि टोकाशी भेगाळलेली.

“या भिंती मीच बांधल्या,” खोलीभर नजर फिरवत ते म्हणाले. “चाळीस वर्षं दुसरं केलं काय? आता गुडघे साथ देत नाहीत.” मग भावोजींच्या डोक्यावरच्या तसबिरीकडे बघून म्हणाले, “उजवीकडून जरा वर घ्या. दोराभर उतरलीय.”

भावोजींना ती सरळच दिसत होती. तरी त्यांनी वर घेतली.

“बाबांचं हे असंच,” बाई वैतागून म्हणाली. “दिवसभर हे वाकडं, ते खाली. त्या पाळणाघराचंही तेच. समितीला तीन पत्रं पाठवली यांनी. मीच म्हटलं, बाबा, पुरे आता, माझं काम जाईल तुमच्यापायी.”

म्हातारा खिडकीबाहेर बघू लागला.

डबा बघायला भावोजी कोठीत गेले आणि अंधारात कशात तरी पाय अडकून पडता पडता वाचले. काचेसारखी आरपार दिसणारी, बोटभर जाड नळीची गुंडाळी होती. दोन्ही टोकांना बुचं. एक बूच निसटलं आणि भावोजींचा मोजा चिंब झाला.

“हे मासे पाळतात की काय?” ओला पाय झटकत ते बाहेर आले. “आणि डब्याचं झाकण बोटाने निघालं. रंग पार तळाला गेलाय.”

वहिनींनी चहाचा शेवटचा घोट घेतला. “उद्या पाचच्या आधी अर्धा तास पाळणाघरात या. बाबा, तुम्हीही. येताना ती नळी आणा.”

म्हाताऱ्याने खिडकीवरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. “आणतो,” तो म्हणाला.

---

दुसऱ्या दिवशी पाळणाघराच्या खोलीत सगळे अवघडून उभे होते. खुर्च्या इतक्या बुटक्या की बसायची सोय नव्हती.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” वहिनींनी सुरुवात केली. “शेडमधला डबा आठ दिवसांत कुणी उघडलाच नव्हता. भावोजींचं नख त्याला साक्षी आहे. म्हणजे रंग घरच्या डब्यातला.”

“म्हणजे हिनेच!” सेक्रेटरी म्हणाले.

“चित्रकाराच्या हातून असे बगळे उतरत नाहीत. फवारेवाला म्हणाला, रंग थापून सारखा केलाय. असं कोण करतं? ज्याचा हात गिलावा करून तयार झालाय तो. वॉचमनने रोज एक माळी पाहिला. पण महिनाभर नळाला पाणी नाही, तर माळी पाइप घेऊन करतो काय? भावोजींनी ती नळी पाहिली. मोजा अजून वाळत घातलाय.”

“पण नळीने चित्र कसं काढणार?” भावोजींनी विचारलं.

“चित्र नाही, पातळी. नळीत पाणी भरलं की तिची दोन टोकं कितीही लांब न्या, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला उभं राहतं. गवंडी अशाच भिंती सारख्या करतात. जोडीला कुणी नसेल तर एक टोक खिळ्याला बांधायचं आणि दुसरं घेऊन पुढे जायचं, की तिथे नवा खिळा. म्हणून बगळ्यांपेक्षा खिळे जास्त. भावोजी, तुमची मापं बरोबर होती. अंगणच वाकडं होतं. वाट वर-खाली जाते, बगळ्यांचे पाय जात नाहीत. पलीकडच्या काठावरून ते कशात उभे दिसतात?”

भावोजींनी वहीतल्या आकड्यांवर बोट ठेवलं. “पाण्यात,” ते म्हणाले.

बाई वडिलांकडे वळली. तिचा चेहरा उतरला होता. “बाबा? तुम्ही? माझं काम जाईल हे माहीत असून?”

“तू दोन वर्षांची होतीस तेव्हा नदी तिथवर आली होती,” म्हातारा म्हणाला. “तुला खांद्यावर घेऊन उभा होतो. पाणी उतरल्यावर पुलाजवळच्या दगडावर मी छिन्नीने रेघ मारली, तारीख घातली. यांनी त्यावर गिलावा केला. आधी गुपचूप पुलाच्या कठड्यापासून माप घेऊन ठेवलं होतं मी. पत्रं लिहिली, कुणी वाचली नाहीत.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगायला आलो होतो. तू शिडीवर होतीस, त्याच जागेवर रंग लावत होतीस. म्हणालीस, ‘बाबा, बाजूला व्हा, डबा सांडेल.’ मग तुझंच ऐकलं. नुसत्या रेघेकडे कोण बघतं? चित्र असलं की माणूस थांबतो.”

बाईने वडिलांच्या हातातली नळी आपल्या हातात घेतली.

“हे सगळं ठीक आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “पण त्याचा इथे काय संबंध?”

“वॉचमनदादा, नळीच्या एका टोकाचं बूच काढा आणि त्यातलं पाणी बाहेर नवव्या बगळ्याच्या पायाशी येईल असं धरा,” वहिनी म्हणाल्या. “भावोजी, दुसरं तुम्ही. त्या भिंतीला लावा.”

भावोजींनी बूच काढलं आणि नळी भिंतीला टेकवली. पाणी वर-खाली हललं, थरथरलं आणि थांबलं. ते पुन्हा पुन्हा बघत राहिले. पाणी हुकांच्या रांगेच्या हातभर वर उभं होतं.

तिथे दप्तर अडकवणारं मूल केवढं असेल, याचा हिशेब कुणाला करावा लागला नाही.

“असा पूर काही दरवर्षी येत नाही,” सेक्रेटरी शेवटी म्हणाले, पण आवाज पडला होता. “मी... बैठकीत विषय मांडतो. पुढच्या महिन्यात.”

“उद्घाटन सोमवारी आहे!” भावोजी ओरडले. आयुष्यात ते इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलले असतील.

“नियम आहेत, साहेब. आणि बगळे या बाईंनी काढले की यांच्या वडिलांनी, तक्रार लिहावीच लागेल.” त्यांनी फाइल उघडली, पेन काढलं.

बाईने पिशवीतून ब्रश आणि रंग काढला. भावोजींच्या हाताशी, पाणी थांबलं होतं तिथे, तिने आधी दोन पाय काढले. मग पोट, मान, चोच. नव्याकोऱ्या पिवळ्या भिंतीवर दहावा बगळा उभा राहिला आणि तो बगळ्यासारखा दिसत होता.

“बाबा, पाय बरोबर आहेत?”

म्हाताऱ्याने डोळा बारीक केला. “डावा दोराभर वर घे.”

तिने घेतला. मग ती सेक्रेटरींकडे वळली.

“लिहा तक्रार. आता खरी आहे. नाव माझं घाला, पुराचं कारणही लिहा, आणि खाली तुमची सही करा.”

सेक्रेटरींनी कागदावर पेन टेकवलं. ते एकदा बगळ्याकडे बघत, एकदा हुकांकडे. सहीच्या जागेशी शाईचा ठिपका पसरत गेला.

“वहिनी, हात भरून आला,” भावोजी म्हणाले. “सोडू का नळी?”

“अजून नाही, भावोजी,” वहिनी म्हणाल्या. “साहेबांचं बघून होऊ दे.”