अय्यो, गेलं

दाजीबानपेठेत कापडाच्या एका घाऊक दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, गाणं शिकवणाऱ्या वेणूबाई राहतात. खाली तागे, पहिल्या मजल्यावर तागे, आणि तरीही जागा पुरत नाही म्हणून दुकानवाल्यांनी वेणूबाईंच्या खोलीच्या दोन भिंतींनाही छतापर्यंत तागे लावून ठेवलेले. वेणूबाईंनी कधी कुरकुर केली नाही. "कापड आवाज खातं. शेजाऱ्यांचे कान वाचतात," एवढंच त्या म्हणत. हुबळीत इतकी मुकी खोली दुसरी नसेल. टाळी वाजवली तर तळहाताबाहेर जात नाही.

रेकॉर्डिंगसाठी प्रभंजननं ती खोली निवडली ती त्यामुळेच.

प्रभंजन राहायला देशपांडेनगरात, वय चौतीस, एका ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवायचा. एका मोबाइलवर त्यानं चार संसार मांडले होते. सकाळी पोरांसाठी धड्यांचे व्हिडिओ, सुट्टीत स्पर्धांना पाठवायचे छोटे सिनेमे, संध्याकाळी 'मलप्रभा रायडर्स' या क्रिकेट टीमच्या चाहत्यांचा ग्रुप, ज्याचा तो अ‍ॅडमिन, आणि मधल्या वेळात कानात जुन्या मैफली. चारही घरी अब्रू शाबूत. दुसऱ्याचं चुकलेलं मात्र त्याच्या बरोबर ध्यानात राही. कोणता प्राध्यापक कुठं चुकीचं इंग्रजी बोलला, कोणत्या गवयाचा सूर कोणत्या मिनिटाला उतरला, सगळं तारीखवार. स्वतःची पानं तेवढी त्यानं चिकटवून टाकलेली.

वेणूबाईंची भाची रूपा कलघटगीच्या शाळेत शिक्षिका. तिनंच त्याला फोन केला होता.

"अण्णा, सोमवारी मावशीच्या घशाचं ऑपरेशन आहे. आवाज राहील का जाईल, डॉक्टर काही सांगत नाहीत. तिच्या गुरूंच्या सात चिजा आता एकट्या तिलाच येतात, कुठं लिहिलेल्या नाहीत. तू शूट करून देतोस? माझी पोरं मोबाइलवर बघून शिकतील."

"देतो की."

"तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? तू तिचा शिष्य, त्यातून लाडका."

या शेवटच्या शब्दाशी प्रभंजननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

त्याचं कारण अकरा सेकंदांचं होतं. लॉकडाउनात वेणूबाईंचा वर्ग मोबाइलवर आला, तेव्हा सगळी जुळवाजुळव त्यानंच करून दिली होती. एका सकाळी तार षड्जावर जाताना वेणूबाईंचा आवाज फाटला. माइक चालू आहे हे विसरून त्या स्वतःशीच म्हणाल्या, "अय्यो, गेलं." ते रेकॉर्डिंग प्रभंजनकडे राहिलं. पुढं एका सामन्यात रायडर्सच्या फील्डरनं शेवटच्या चेंडूवर हातातला झेल सोडला, तेव्हा त्या चित्रावर त्यानं तो फाटका सूर आणि ते दोन शब्द चिकटवले आणि ग्रुपवर टाकले. गंमत म्हणून. रात्रीत चाळीस ग्रुप फिरून ते परत त्याच्याकडेच आलं. पुढच्या हंगामात ग्राउंडवर झेल सुटला की हजारो मोबाइलांतून एकाच वेळी तो सूर फाटे, "अय्यो, गेलं" येई, आणि वर सगळ्या स्टँडांचं हसू. नंतर ते रिझल्टच्या दिवशी वाजलं, पंक्चरवर वाजलं, मोडलेल्या लग्नावरही वाजलं. बाई कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नाव न टाकण्यालाच प्रभंजननं आपला सभ्यपणा मानलं होतं.

वेणूबाईंच्या वर्गात एक रीत होती. कुणाचा सूर फुटला तर हसायचं नाही. बाकीच्यांनी तो सूर धरून ठेवायचा, पडलेला पुन्हा त्यावर चढेपर्यंत. अकराव्या वर्षी प्रभंजनचा सूर फुटला, तेव्हा बारा पोरांनी जवळजवळ मिनिटभर त्याच्यासाठी षड्ज धरून ठेवला होता. शेवटी दोघींना ठसका लागला, पण सोडला कुणी नाही.

आणि गेल्या वर्षीची ती रिक्षा. तो वेणूबाईंना घेऊन धारवाडला एका कार्यक्रमाला निघाला होता. रिक्षावाल्याचा फोन वाजला आणि रिंगटोन म्हणून तेच.

वेणूबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही बाई कोण रे?"

"असेल कुणीतरी, अक्का."

"बिचारी," वेणूबाई म्हणाल्या, आणि उणकलचं तळं मागं पडेपर्यंत बाहेर बघत राहिल्या.

जिन्यावरच्या पावलांवरून कोण येतंय ते सांगणारी ही बाई. तिनं स्वतःचा आवाज ओळखला नाही, असं प्रभंजननं ठरवून टाकलं. ते सोयीचं होतं.

शुक्रवारी दुपारी काम सुरू झालं. स्टँडवर मोबाइल, वेणूबाईंच्या पदराला छोटा माइक, आणि दुसऱ्या मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप, कारण खऱ्या तानपुऱ्याचा भोपळा तडकलेला.

"ह्या डबीतल्या तानपुऱ्याला बोटं नाहीत की नखं नाहीत," वेणूबाई म्हणाल्या. "पण उतरत नाही, एवढं खरं. माणसापेक्षा बरा. लाव."

त्या गायल्या. सदुसष्ट वर्षांचा, घोगरा, पण सरळ आवाज. अंतऱ्याला तार षड्जावर गेल्या आणि तिथं निवांत उभ्या राहिल्या. प्रभंजनला बरं वाटलं. ओझं पाव भागानं तरी उतरलं असं वाटलं.

मग रूपा आणि तो, एकेक इअरफोन कानात घालून, ऐकायला बसले.

स्थायी स्वच्छ. अंतरा. सूर वर चढू लागला, आणि षड्ज लागायच्या नेमका आधी मागं कुणीतरी हसलं. लहानसं, नाकातल्या नाकात.

"खाली हमाल आहेत का रे?" रूपानं विचारलं.

"असतील."

तो खाली जाऊन बघून आला. हमाल जेवायला गेले होते. दुकानात एकटे म्हातारे मालक, गल्ल्यावर डोकं टेकून झोपलेले.

दुसऱ्या चिजेला तिघं हसले. तिसरीला दहा-पंधरा. प्रत्येक वेळी तिथंच, सूर लागायच्या आधी. सूर लागला की हसू मिटायचं, जणू त्या मंडळींची निराशा झाली.

प्रभंजन माणूस हिशोबी. त्यानं माइक बदलला. मोबाइल विमानाच्या मोडवर टाकला. तानपुऱ्याचं अ‍ॅप बंद करून बिनतानपुऱ्याचं गायला लावलं. शनिवारी सहकाऱ्याचा नवा फोन मागून आणला. त्यात क्रिकेटचं काही नव्हतं, गाण्याचंही नव्हतं, काढून टाकावं असं काहीच नव्हतं.

शनिवारच्या चौथ्या चिजेत ग्राउंडवरचा एक अख्खा स्टँड हसत होता.

आता त्याला वेगवेगळे आवाज ऐकू येऊ लागले. पिपाणी, ढोल, कुणाची शिट्टी, एक बाई हसता हसता खोकत होती. आणि त्या सगळ्यांच्या थोडं पुढं, सगळ्यांच्या आधी सुरू होणारं ते पहिलं हसू, नाकातल्या नाकात. ते त्याच्या ओळखीचं होतं. धड्यांच्या व्हिडिओत स्वतःचाच विनोद झाला की तो तसा हसायचा.

रूपाला त्यानं इअरफोन दिला नाही. "घरी जाऊन साफ करतो," म्हणाला. घरी जाऊन आवाज गाळायचं अ‍ॅप लावलं. हसू गाळलं तर त्याबरोबर वेणूबाई गळत होत्या. मागं उरत होतं ते नुसतं ते पहिलं हसू.

"अक्का, गाताना काही ऐकू येतं का?" त्यानं रविवारी सहज विचारल्यासारखं विचारलं. पेठ बंद होती. रूपा औषधं आणायला गेली होती. सहा चिजा झाल्या होत्या, सातवी उरली होती.

"ऐकू येत नाही," वेणूबाई म्हणाल्या. "पण वर जाताना वाटतं, कुणीतरी वाट बघतंय."

"कसली?"

"ते तू सांग. गर्दीतला तू."

प्रभंजननं त्यांच्याकडं बघितलं. वेणूबाई पदराचा माइक सारखा करत होत्या.

"म्हणजे मॅचला जातोस ना, म्हणून म्हटलं. आम्हांला कुठं एवढी माणसं मिळाली? फार तर साठ. त्यातले वीस चहासाठी." त्यांनी मान वर केली. "काही सांगायचंय का तुला, प्रभंजना? तीन दिवस मांडी बदलतोयस."

खोलीत कापडाचा, खळीचा वास होता. बाहेरचं काही आत येत नव्हतं. सांगायला याहून चांगली खोली सबंध शहरात नव्हती, आणि उद्यानंतर कदाचित त्यांच्याकडून उत्तरही येणार नव्हतं.

"बॅटरी बघत होतो," प्रभंजन म्हणाला.

"बघ," वेणूबाई म्हणाल्या. "भरली असेल तर लाव."

सातवी चीज त्यांनी डोळे मिटून म्हटली. सूर लागला. त्यांनी तो धरून ठेवला, नेहमीपेक्षा जास्त, कुणाची तरी वाट बघावी तसा. प्रभंजनला कळलं की ह्या वेळी आपण तो सूर त्यांच्याबरोबर धरायला हवा. त्याचं तोंड उघडलं नाही.

जिन्यात उभं राहून त्यानं सातवी चीज ऐकली. स्वच्छ होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक श्वास इकडचा तिकडं नाही. मग त्यानं आधीच्या सहाही ऐकल्या. त्याही स्वच्छ. पायरीवर बसून तो ढसाढसा रडला. मग नाक पुसलं. आपण न सांगितलेलं कुठंतरी पोचलं आणि माफही झालं, असं त्यानं धरून चाललं. अशी माफी माणूस फार लवकर पदरात पाडून घेतो.

ऑपरेशन झालं. आवाज गेला. परत यायला निदान सहा महिने, असं डॉक्टर म्हणाले, पण ते सांगताना त्यांनी रूपाकडं बघितलं नाही.

कलघटगीची पोरं मोबाइलवरून पहिली चीज शिकली. रूपानं त्यांचा व्हिडिओ पाठवला. त्यात कुणी हसत नव्हतं.

महिन्यानं प्रभंजन वेणूबाईंकडं गेला. त्या चटईवर बसल्या होत्या, गळ्याला पांढरी पट्टी, मांडीवर वही आणि पेन्सिल. त्यांनी लिहिलं, 'आलास? बस की.'

तो बसला नाही. मोबाइल काढला, सातवी चीज लावली, इअरफोन त्यांच्या दोन्ही कानांत नीट बसवले. आवाज पूर्ण वाढवला.

वेणूबाईंनी डोळे मिटले. उजवा हात गुडघ्यावर ताल धरू लागला.

आणि मग प्रभंजननं सांगितलं.

त्यानं वेळ बरोबर निवडली होती. तो सांगत होता, आणि त्या ऐकत नव्हत्या. अकरा सेकंद, शेवटचा चेंडू, ग्रुप, रिक्षा, सगळं. दबक्या आवाजात, ताग्यांकडं बघत. कापड आवाज खात होतं.

"ती बाई तुम्ही होतात, अक्का," तो म्हणाला. "आणि पहिला हसणारा मी."

सांगून झालं. हलकं वाटलं.

वेणूबाईंचा हात थांबला होता.

चीज अजून संपली नव्हती. अंतराही आला नसावा.

त्यांनी डोळे उघडले. त्याच्याकडं बघितलं नाही. त्याच्या मागं, दारापासून खिडकीपर्यंत, हळूहळू नजर फिरवली, मैफलीआधी गवई फिरवतो तशी. मग लुगड्याचा घोळ आवरला आणि भिंतीकडं सरकल्या. चटईची अर्धी बाजू मोकळी झाली.

पुन्हा सरकल्या, बसणाऱ्यांना जागा पुरत नसल्यासारख्या. आता भिंतीत आणि त्यांच्यात कागदाएवढी जागा नव्हती.

त्याला मागं वळायचं होतं. मान वळली नाही. मानेवर ऊब होती, पुष्कळ माणसांच्या श्वासाची.

वेणूबाईंनी पेन्सिल उचलली, सावकाश लिहिलं, आणि वही त्याच्याकडं फिरवली.

'पुन्हा सांग. मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही.'