वरच्या क्वार्टरातली ढेकी

त्र्याऐंशी सालचा कार्तिक होता, पोट्टेहो. कोंढ्याहून केवळरामचं सामान घेऊन मी पवनीले गेलो होतो, माह्याच बैलबंडीत. केवळराम माहा शाळेतला दोस्त. त्याले सरकारी नोकरी लागली, नव्या दुमजली बिल्डिंगीत खालचं क्वार्टर भेटलं. त्याची बायको गोदावरी नळ उघडे, बंद करे, पुन्हा उघडे. मले मोठं बरं वाटलं.

आठ दिवसांनी तो बाजारात भेटला. डोळे लाल.

"वरचे लोक पहाटे चारले ढेकीवर धान कांडतात गा. धप्प, धप्प. छतातून चुना गळते."

"मंग जाऊन सांग ना!"

"कोणाले सांगू? वर कुलूप हाये."

चावी आणून त्यानं दार उघडूनही पाहिलं होतं. कोरी फरशी, पायाचा ठसाही नाही. खालून बांबूनं छत ठोकलं, शिव्या दिल्या, नारळ फोडला. दुसरं क्वार्टर मागितलं तर साहेब हसला. खोटं कायले बोलू, मीही मनात हसलो. म्हणलो, नवं घर पचलं नाही याले.

पुढचं त्यानं मले दवाखान्यात सांगितलं.

गोदावरीले त्या आवाजाचा राग नव्हता, कीव होती. दिघोरीची पोरगी ते. ढेकीले दोघी लागतात. एक पायानं दांडा दाबून मुसळ उचलते-पाडते, दुसरी दोन घावांच्या मधात हातानं धान सारते. कोणी एकटी कांडत असली का आपल्याकडच्या बाया न बोलावता जातात. चंपाषष्ठीच्या पहाटे गोदावरी पडल्यापडल्या वर पाहून म्हणाली,

"काहून वं बाई, एकटीच कांडून राहिली? थांब, मी येतो हात लावाले."

आवाज थांबला. केवळरामनं देवाले हात जोडले.

दुसऱ्या पहाटे पुन्हा. धप्प... मंग सर्रर्र... धप्प... सर्रर्र...

त्यानं दिवा लावला. गोदावरी बाजूलेच. डोळे बंद. अन् तिचा उजवा हात सतरंजीवर पुढे सरे... घावाच्या आधी मागे ये. पुढे... मागे...

हाका मारल्या. तोंडावर पाणी मारलं. उठली नाही.

तीन पहाटा त्यानं नुसतं पाहिलं. काय करन बिचारा?

चौथ्या पहाटे राहवलं नाही. हात पुढे गेला, तसा त्यानं मनगटाजवळ धरला. दोन्ही हातांनी. गच्च.

"सोडा..." डोळे बंदच. "सोडा ना जी..."

त्यानं नाही सोडला.

धप्प.

...

निरोप आला, मी गेलो. तिची चार बोटं चेंदली होती. केवळराम भिंतीले टेकून एकच म्हणे, "मी धरला म्हणून... मी धरला म्हणून..." मी त्याले धरून बाकावर बसवलं.

डॉक्टरनं रक्त धुतलं. मंग कापसावर काहीतरी घेऊन माह्यासमोर धरलं.

तिच्या नखांखालून धानाचा कोंडा निघाला होता. ताजा. मी बोट लावून पाहिलं... अजून कोमट होता.