ऐकला, दिसला नाही

पिल्लू दुपारी पावणेदोनला झोपलं की तिला बरोबर पन्नास मिनिटं मिळत. त्यातली पाच दार आवाज न करता लोटण्यात आणि गार झालेला चहा संपवण्यात जात. उरलेल्या वेळात ती हेडफोन चढवून बाबांची रेकॉर्डिंग ऐकत बसे.

पक्षी बघायला जगभर हिंडणाऱ्या हौशी मंडळींना घेऊन जायचं, हा बाबांचा पोटापाण्याचा धंदा. पक्ष्यांचे आवाज टिपायचे, हे वेड. बाराव्या वर्षापासून तीही शेपटासारखी त्यांच्या मागे. बर्फाळ किनारे, धुक्यात बुडालेली जंगलं, वाळवंटातलं एकुलतं एक डबकं. गेल्या वर्षी, तिला सातवा महिना लागला होता तेव्हा, बाबा एकटेच एका दलदलीवर गेले आणि तिथल्या लाकडी खोलीत झोपेतच गेले. घरी आलं ते सामान. आता एका संग्रहालयाला त्यांच्या दोनशे बारा रेकॉर्डिंगची सूची हवी होती. ती करायला दुसरं होतं कोण?

बाबांची पद्धत ठरलेली. पक्षी बोलून झाला की ते हळू आवाजात वेळ, वारा, हजर कोण आणि अंतर किती पावलं ते सांगत, आणि शेवटी एकच अक्षर. दिसला तर ‘दि’, नुसता ऐकला तर ‘ऐ’. ‘ऐ’च्या जागी ‘दि’ लिहिणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. पंधराव्या वर्षी तिने एका घुबडापुढे खोटा ‘दि’ ठोकला होता. बाबांनी वही बंद केली होती आणि एवढंच विचारलं होतं, “चिमणे, तू पाहिलंस? की पाहावंसं वाटलं?”

पिल्लू, म्हणजे तिची लेक, आता अकरा महिन्यांची होती. आजोबांनी तिला पाहिलं नव्हतं. ऐकलंही नव्हतं. जगातल्या कुठल्या कुठल्या चिमुकल्या जिवांची नोंद त्यांच्या वह्यांत होती, आणि हिच्यापुढे ना ‘दि’ ना ‘ऐ’. दुपटी वाळत घालताना, बाटल्या उकळताना हे मध्येच टोचायचं.

त्या दिवशी सकाळपासूनच घरात शोधाशोध होती. बाबांचा करडा स्वेटर उसवून तिने परवा पिल्लूचे मोजे विणले होते. पुढे पाळणाघरात अदलाबदल होऊ नये म्हणून दोन्हींच्या आतून लाल दोऱ्याचा टाका घातला होता. नवऱ्याने पिल्लूला पिवळा फ्रॉक चढवला, उजव्या पायात मोजा घातला आणि दुसऱ्यासाठी अख्खी खोली पालथी घातली.

“हे घर मोजे खातं का गं?”

“नीट बघ. डोळे आहेत की बटणं?”

“बटणं असती तर शर्टाला तरी लागली असती.”

मोजा काही सापडला नाही.

दुपारी एकतिसावं रेकॉर्डिंग चालू होतं. बर्फाळ किनारा, टिटवीसारखं काहीतरी. टिटवी थांबली, आणि पिल्लू उठलं. ऊऽ-ई, दुसरा सूर वर चढलेला, मग ओठांचा मच्च. उठताना पिल्लू नेहमी असंच करायचं. तिने हेडफोन काढून आत धाव घेतली. पिल्लू गाढ झोपलेलं.

परत येऊन तिने पुन्हा लावलं. ऊऽ-ई. मच्च. मग बाबा: “सहा वीस. वारा नाही. हजर, मी आणि चिमणी. आणखी एक, उजवीकडे, जमिनीलगत. चाळीस पावलं. ओळख पटली नाही. ऐ.”

नऊ वर्षांपूर्वीची सकाळ. ती तिथेच होती, बोटं काखेत खुपसून. तिने टिटवीशिवाय काही ऐकलं नव्हतं.

पुढची तासन्‌तास चालणारी रेकॉर्डिंग तिने उड्या मारत ऐकली. धुक्याच्या जंगलात तीस पावलं. वाळवंटातल्या डबक्याकाठी अठरा. एका बेटावर, लाटांच्या आवाजात, सात. दर वेळी “ओळख पटली नाही”, आणि दर वेळी बाबांचा आवाज आणखी हळू, जणू कुणी उडून जाईल.

शेजारच्या खोलीत काम करणाऱ्या नवऱ्याला तिने बोलावलं. त्याने एक कान लावला आणि हसला. “हे तर आपलंच बेणं! बाबांच्या टेपमध्ये कशाला घातलंस?”

“हे बेटावरचं आहे, चार वर्षांपूर्वीचं.”

त्याने पुन्हा कान लावला. “पक्षी नकला करतात ना गं?”

“कुणाची? ती होती कुठे तेव्हा?”

त्याने हेडफोन अलगद टेबलावर ठेवला. “तू दमलीयेस,” म्हणाला, आणि जाताना पिल्लूच्या खोलीत डोकावून गेला.

दोनशे बारावं, दलदलीवरचं, तिने वर्षभर उघडलं नव्हतं. आता उघडलं.

पक्षी नव्हताच. पाण्याची चुळबुळ. लाकडी खाट करकरली.

“हजर, मी.”

वेळ सांगितली नाही. वारा सांगितला नाही.

ऊऽ-ई. मच्च.

“एक पाऊल,” बाबा म्हणाले. मग खूप वेळ नुसता श्वास.

“बरं का चिमणे. दि. दिसली.”

मादी असली तरी बाबा आयुष्यभर ‘दिसला’च म्हणत आले होते.

“पिवळा फ्रॉक. एका पायात मोजा.” ते हसले, अगदी जवळ. “दुसरा राहू दे माझ्याकडे.”

खट्ट.

सूचीचा शेवटचा रकाना रिकामा होता. तिने पेन टेकवलं आणि थांबली. तू ऐकलंस? की ऐकावंसं वाटलं?

खणात बाबांचा छोटा माईक होता, दलदलीवरून आला तसाच. वारा लागू नये म्हणून त्यावर करड्या लोकरीचं काहीतरी चढवून रबर गुंडाळलेलं. बाबांची जुगाडं ती ओळखून होती. हे तिने कधी काढून पाहिलं नव्हतं.

तिने रबर सोडलं. टाचेचा बाक उलगडला. आतून लाल टाका.

बोटांकडचा भाग ओला होता, नुकताच कुणी चोखल्यासारखा.