चारुताची उंची

लाईट काही इतक्यात येत नाही. मेणबत्ती जरा इकडे सरकवा, म्हणजे सांगते. तुम्ही मघाशी विचारलंत ना, घरात लहान मूल नाही, मग टीव्हीवर हा फाटका ॲटलास कशाला म्हणून?

शेजारी तेव्हा प्रधान राहायचे. कृष्णकांत, सुनंदा आणि त्यांची एकुलती एक चारुता. नवीन पनवेलला ही सिडकोची बिल्डिंग तेव्हा नवीच होती. पोर शाळेतून सुटली की थेट माझ्याकडे. दर वाढदिवसाला औक्षण झालं की तिला त्यांच्या स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभी करायची, डोक्यावर हा ॲटलास आडवा धरायचा आणि पेन्सिलीने रेघ मारायची, हे माझं काम. आईबाप तोवर केकच्या बिलावरून भांडत असायचे.

ती भांडणं शेवटी घटस्फोटावर गेली. सुनंदा पोरीला घेऊन खांदा कॉलनीत भावाकडे गेली, कृष्णकांत जुन्या पनवेलला बहिणीकडे. फ्लॅट दोघांच्या नावावर, म्हणून निकाल लागेपर्यंत कुलूप. किल्ली माझ्याकडे ठेवायची यावर मात्र दोघांचं एकमत झालं, कारण मी आपल्या बाजूची आहे असं दोघांनाही वाटायचं. मी कुणाच्याच बाजूची नव्हते हो. माझा जीव त्या पोरीत अडकला होता.

चारुता बिघडत गेली. वर्गातल्या मुलीला चावली. स्वतःचे केस उपटायची. दप्तर घेऊन शाळेला निघायची आणि इथे जिन्यात, त्या कुलपासमोर येऊन बसायची. आणि तिची वाढ थांबली. खोटं नाही सांगत, दोन दिवाळ्या उलटल्या तरी तोच फ्रॉक तिला होत होता.

"रविवारी त्याच्याकडे जाऊन आली की जेवण टाकते," सुनंदा म्हणायची. "कुमुदताई, त्याची बहीण नाही नाही ते भरवते तिच्या डोक्यात."

"पोरीला उपाशी ठेवते ती," कृष्णकांत म्हणायचा. "वहिनी, तुम्हीच बघा कशी वाळलीय."

दोघांचे डॉक्टर वेगळे, बाटल्या वेगळ्या. एकमेकांशी बोलणंच नव्हतं, त्यामुळे दोन्हीकडची औषधं त्या एवढ्याशा पोटात जायची.

मी अधूनमधून तो फ्लॅट उघडून वारा द्यायची. अशीच श्रावणातल्या एका दमट दुपारी केर काढायला गेले. बंद घराला ओल्या भिंतीचा वास असतो, तो होताच. पण त्यात खोबरेल तेलाचाही वास होता. नुकतीच वेणी घातलेल्या डोक्याचा. लांब हायवेवर कळंबोलीकडे जाणारे ट्रक घरघरत होते, बाकी सामसूम. केरसुणी चौकटीला टेकवायला गेले आणि हात थांबला. मी मारलेल्या शेवटच्या रेघेच्या वर आणखी एक रेघ होती. तिच्याही वर, अजून एक.

घाबरले, पण त्याहून जास्त चिडले. वाटलं, या दोघांपैकी कुणीतरी चोरून दुसरी किल्ली करून घेतली. दोघांना स्पष्ट विचारलं. सुनंदा म्हणाली, "हे त्याने बोलायला सांगितलंय ना तुम्हाला?" कृष्णकांतने तर, "शेवटी तिच्याच बाजूच्या निघालात," म्हणून तोंड फिरवलं.

मग जिन्यात चारुताच भेटली.

"चारू, आत कोण असतं गं?"

"मी," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी नुसती इकडून तिकडे जाते, काकू... आईने ओढून नेलं ना, तेव्हा ती घरीच राहिली."

मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार?

पुढे निकाल लागला, फ्लॅट विकला. सामान न्यायला दोघं एकाच दुपारी आले. ती खालून ओरडतेय, तो गॅलरीत कपाटावरून हुज्जत घालतोय. स्वयंपाकघरात रद्दीत हा ॲटलास पडला होता. चारुताने तो उचलून माझ्या हातात दिला आणि चौकटीला पाठ लावली.

"काकू, माझी उंची मोजा."

पुस्तक बरोबर माझ्या जुन्या रेघेवर टेकलं. ती हळूच बाजूला सरकली.

"आता तिची..."

मी वेड्यासारखं पुस्तक वर धरलं आणि खाली आणलं. वरच्या रेघेशी ते टेकलं. खाली कुणीच नव्हतं, तरी पुस्तक खाली जाईना. बोटांना केस लागले. तेलकट, गरम.

"रेघ मारा ना, काकू... ती थांबलीय."

मी डोळे गच्च मिटले. खालून सुनंदाची हाक आली, गॅलरीतून कृष्णकांतची. पावलं दारातून निघून गेली. डोळे उघडले तेव्हा स्वयंपाकघर रिकामं. गॅलरीत धावले. खाली दोघांच्या मध्ये चारुता रिक्षाकडे चालली होती. मघाशी गुडघे झाकणारा तिचा फ्रॉक आता मांडीवर चढला होता.

"थांबा! तिला नेऊ नका!" मी ओरडले. दोघांनी वर पाहिलं. ही आता कुणाची बाजू घेतेय, एवढंच त्या दोघांच्या चेहऱ्यावर होतं. रिक्षा गेली.

नंतर दोघांचेही फोन आले. सुनंदा म्हणाली, माझ्या डॉक्टरांचा गुण, पोर भराभर वाढली. कृष्णकांत म्हणाला, माझ्या. आता चावत नाही, हट्ट नाही, दोन्ही घरी गुपचूप राहते. मी एकदा सुनंदाला सांगायला गेले की, अगं, तुझी पोर इथेच राहिलीय... तिने फोन ठेवून दिला.

नवीन लोक चांगले आहेत. चौकटीला त्यांनी दोनदा ऑइलपेंट दिला, तरी माझी ती जुनी रेघ पुन्हा वर येते. दुपारी त्यांची सून झोपली की मी विरजण मागायच्या निमित्ताने जाते, पदराआड हा ॲटलास घेऊन. चौकटीशी धरते. एकटी पडलीय हो ती, कुणीतरी विचारायला नको का?

पुस्तक अजून टेकतं. फक्त परवा गेले, तेव्हा ते रेघेच्या बरंच खाली टेकलं.