घोंगडीखालचा हात

ललिताच्या पत्राला ज्ञानदेवांनी उत्तर दिलं नाही, त्याचं कारण ऐकून कुणालाही हसू यावं. त्यांना आपलाच मजकूर पसंत पडेना! दोघं पुण्यात एकाच कॉलेजात नोकरीला; वडील वारले म्हणून ती गावी गेली होती. तिथून तिने लिहिलं, 'आई एकटी पडली आहे. तुम्ही बोलावलंत तरच पुण्याला परत येईन.' कॉलेजच्या ग्रंथालयात, पुस्तकांच्या राशीत बसून ज्ञानदेवांनी उत्तर लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं... आणि ललिता तिकडच्याच शाळेत शिक्षिका झाल्याचं एक दिवस कानावर आलं.

त्याला तीसेक वर्षं लोटली. आता ते निवृत्त होते. कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे, आणि जुन्या वस्तू स्वस्तात मिळवायचा तेवढा एक नाद होता. म्हणून मार्गशीर्षातल्या एका सकाळी ते सासवडच्या पुढे एका गावी लिलावाला गेले. काचेच्या दारांचं पुस्तकांचं कपाट निघणार होतं. गाव ललिताचं, हेही त्यांना ठाऊक होतं. पण आपण कपाटासाठीच चाललोय, असं ते एसटीत स्वतःला बजावत राहिले.

धुकं इतकं दाट, की अंगणात मांडलेले हंडे, पाट, कंदील जमिनीला न टेकता तरंगतायत असं वाटावं. माणसं होती, पण आवाज नव्हता. त्या गावची रीतच तशी, बैलबाजारातली. किंमत तोंडाने बोलायची नाही. घोंगडीखाली हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. तळव्यावर थाप पडली की सौदा पक्का. मग तो मोडायचा नाही.

कपाटाची पाळी आली. लिलाव करणारे हिंदुराव ओट्यावर घोंगडी पसरून बसले होते. ज्ञानदेवांनी संकोचत हात आत सरकवला.

आत एक हात वाटच बघत होता... बारीक, गारठलेला. मनगटावर काचेची बांगडी होती, आणि एक बोट वाकडं. त्या हाताने त्यांची बोटं एकेक करून चाचपली, जणू माणूस पारखून घ्यावा तशी. मग हळूच दाबली. नाही म्हणायची ज्ञानदेवांना भीड पडली. त्यांनीही दाबली. तळव्यावर थाप पडली.

"अहो पाव्हणं," हिंदुराव म्हणाले, "कवाधरनं नुसता हात घालून बसलाय! दाबा की बोटं!"

हिंदुरावांचे दोन्ही हात घोंगडीबाहेर होते. ते तंबाखू मळत होते.

"मग आत... कोण आहे?"

"आत काय असनार? अंधार हाय!"

लोक हसले. ज्ञानदेवांनी हात बाहेर ओढला. बोटांच्या पेरांत रक्त उरलं नव्हतं.

"अजून तसेच घाबरता हो तुम्ही," मागून कुणीतरी म्हणालं.

केस पांढरे झाले होते, पण मान तिरकी करून बघायची ढब तीच. ललिता!

"मी... कपाट बघायला आलो होतो."

"हो का? मला वाटलं, मला." ती हसली. "बघा मग नीट. वय झालंय, पण काचा शाबूत आहेत."

ज्ञानदेव कानापर्यंत लाल झाले. "ललिताबाई, चेष्टा नाही. घोंगडीखाली एक हात होता. बाईचा. हे बोट वाकडं..."

ललिताचं हसू मावळलं. त्यांनी दाखवलेल्या बोटाकडे ती बघत राहिली.

"आई," ती पुटपुटली. "बैलाच्या दाव्यात अडकून मोडलं होतं. घोंगडीखाली हात घालून बैल विकणारी गावातली एकटी बाई ती. दिवाळीआधी गेली. हे सामान तिचंच आहे."

वारा नव्हता, तरी कपाटाचं दार करकरत उघडलं... आणि अलगद मिटलं.

"माझं पत्र तिनेच टपालपेटीत टाकलं होतं," ललिता म्हणाली. "शेवटपर्यंत विचारायची, 'आलं का गं पुण्याचं उत्तर?'" मग तिने डोळे पुसले आणि मान पुन्हा तिरकी केली. "काय ठरलं तुमचं तिच्याशी?"

"मी हो म्हटलं. कशाला, ते कळलं नाही."

"न विचारता हो म्हणालात? सुधारलात की!"

"मग आत्ताच सांगतो, मी..."

"तोंडी नाही!" तिने हात वर केला. "पत्राचं उत्तर पत्रानेच. आणि लवकर. संक्रांत झाली की घराला कुलूप. भाची शेफाली मला खराडीला नेणार, एकविसाव्या मजल्यावर. तिथे म्हणे पत्रं वर येतच नाहीत, वॉचमनपाशी पडून राहतात."

"आणि कपाट?"

"राहू दे इथे. उत्तर आलं तर मीच घेऊन येईन."

दुसऱ्या दिवशी कसब्यातही धुकं उतरलं होतं. ज्ञानदेव कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी उभे होते. पाकिटात एवढंच होतं, 'या. अर्धं कपाट तुमचं.'

पाकिटाबरोबर बोटंही फटीत शिरली, पण सुटेनात. 'या' फारच उघडं नाही वाटत? आधी ख्यालीखुशाली विचारायला हवी होती... अक्षरही तिरकं आलंय... घरी जाऊन पुन्हा लिहावं...

त्यांनी पाकीट मागे ओढलं. ते येईना.

आतून कुणीतरी धरलं होतं. बारीक, गारठलेल्या बोटांनी. त्यातलं एक बोट वाकडं होतं.

पळून जावं असं ज्ञानदेवांना वाटलं खरं. पण मग त्यांनी डोळे मिटले, आणि हळूच... पाकीट सोडून दिलं.

पेटीच्या अंधारात, त्यांच्या बोटांवर, थाप पडली.