पुसलेली पायवाट

तो मोबाईल खाली ठेव आधी, उजेड डोळ्यांवर येतोय. सांगतो. माझी नाही, माझ्या साडूची गोष्ट. तो थापा मारत नाही. थाप लक्षात ठेवायला डोकं ताजं लागतं आणि त्याचं डोकं मी कधी ताजं पाहिलेलं नाही. दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवायच्या आणि संध्याकाळी गावची चित्रांची गॅलरी सांभाळायची. मेहुणी म्हणते, ह्यांना कोणीतरी झोप विकत आणून द्या.

गॅलरी म्हणजे दोन खोल्या. पूर्वी तिथे दूध गोळा करायचे. भिंतींवर एकतीस चित्रं, सगळी गावाभोवतालची: टेकडी, कालवा, पूल, शेतं. सगळी एकाच माणसाची, शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांची. दोन वर्षांपूर्वी मास्तर असंच चित्र काढून परतत होते. कालव्याच्या पुलावर जरा टेकले, ते उठलेच नाहीत. घर समोर दिसत होतं हो.

त्यांची बायको, तिला सगळे बाई म्हणतात, दर गुरुवारी सकाळी नऊला यायची. एकाच चित्रासमोर बसायची. पुलापासून त्यांच्या घरापर्यंतची पायवाट होती त्यात. नजर अधू झालेली, म्हणून काचेवर बोट ठेवून वाटेवरून हळूहळू वर न्यायची, दारापर्यंत. मग म्हणायची, "पोचले." आणि उठून घरी जायची.

त्या सोमवारी साडूला काचेच्या आत बुरशीचे ठिपके दिसले. त्याने चित्र फ्रेममधून काढलं आणि ओल्या फडक्याने पुसलं. जन्मभर ऑइलपेंटच्या पाट्या पुसलेला हात तो! हे पाण्याचे रंग आहेत, हे फडकं हिरवं झाल्यावर कळलं. टेकडीचा हिरवा पसरला आणि पायवाट त्यात बुडाली. पूल राहिला, घर राहिलं. मधे काहीच नाही.

बुधवार, एकोणीस नोव्हेंबरची रात्र. जेवण उरकून तो मुलीची शाळेची रंगपेटी घेऊन गॅलरीत गेला. सकाळी बाई येणार. तिला काय तोंड दाखवायचं? म्हातारीला नवऱ्याचं एवढंच उरलेलं, आणि तेच ह्याने पुसलं. सरळ रेघ ओढण्यात पंचक्रोशीत त्याचा हात कोणी धरू शकत नाही, पण मास्तरांच्या चित्राला ब्रश लावायची हिंमत होईना. दहा वाजले. बारा वाजून गेले. अंग नुसतं मोडून आलं होतं. बसून राहिला.

एक वाजून वीस मिनिटांनी बाहेर खडीवर पावलं वाजली.

भिंतीच्या कडेने गेली. मागून फिरून आली. पुन्हा गेली. घाई नव्हती. ओढत ओढत. तिसऱ्या फेरीला दारापाशी थांबली.

"वाट कुठेय हो?"

चुकलेला ट्रकवाला असणार, साडूला वाटलं. जागचा न हलता म्हणाला, "कुठे जायचंय?"

"घरी."

"कालव्याच्या पुलावर जा. तिथे विचारा."

"पुलावरूनच आलो... पुढे वाटच नाही."

"सोमवारपासून फिरतोय..." बाहेरचा म्हणाला. "फार दमलो हो."

तो आवाज. चौथीत त्याच आवाजाने साडूला पेन्सिल धरायला शिकवलं होतं.

दार उघडलं नाही. पळणार कुठे? दार एकच... ब्रश उचलला. पांढरा घेतला. त्यात पिवळा. पुलापाशी टेकवला. वर नेला. अर्ध्यावर आला, आणि बाहेर कोणीतरी सुस्कारा सोडला. अगदी दाराच्या फटीला तोंड लावून. ब्रश घसरला. रेघ उजवीकडे वाकली. तशीच नेली. दारापर्यंत.

...

पावलं निघाली. खडीवरून. मग रस्त्यावर. मग नाही.

साडू तिथेच टेबलावर डोकं टेकून झोपला. हसू नका. भीतीपेक्षा थकवा मोठा असतो, तुम्हाला अजून ठाऊक नाही.

सकाळी नऊला बाई आली. चित्र पुन्हा काच बसवून भिंतीवर लावलेलं होतं. तिने काचेवर बोट ठेवलं. पुलापासून निघाली. साडूचा जीव टांगणीला. बोट अर्ध्यावर आलं आणि आपसूक उजवीकडे वळलं. जरासुद्धा अडखळलं नाही.

"सोमवारपासून दार उघडं टाकून बसले होते रे," ती म्हणाली. "काल एकदाची झोप लागली."

साडूला सगळं कबूल करायचं होतं, पण ते राहिलंच. शेवटी हाताला धरून तिला घरी सोडायला निघाला. पुलावर आला आणि थांबला.

जुनी पायवाट समोर होती, नाकासमोर सरळ. तिच्या शेजारून दुसरी निघाली होती. आदल्या दिवशी तिथे गुडघाभर गवत होतं. आता माती अशी दबलेली, की जणू वर्षानुवर्षं कोणी चालत आलंय. अर्ध्यावर उजवीकडे वाकलेली. मग वर, दारापर्यंत.

मी स्वतः जाऊन पाहिलीये. गावातलं कोणी त्या वाटेने जात नाही. तरी तिच्यावर गवत काही उगवलेलं नाही.